किडनी ट्रान्सप्लांटनंतरची सोनोग्राफी : रिपोर्टमध्ये काय कळतं, काय कळत नाही

पोस्ट मोठी आहे, मुलं झोपल्यावर निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर एका ताईंनी विचारलं होतं. नवऱ्याचं किडनी ट्रान्सप्लांट भारतात झालंय, कतारला परत आल्यावर पहिल्याच सोनोग्राफीत "माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस" असं लिहून आलंय, डॉक्टरांची अपॉइंटमेंट सहा दिवसांनी आहे, तोवर काय करू? खाली भरपूर कमेंट आल्या. कुणी म्हणे पाणी वाढवा, कुणी म्हणे कमी करा, कुणी मुंबईच्या डॉक्टरांचा नंबर दिला, एकांनी काढ्याचं नाव सुचवलं. (काढा कृपया नको. टॅक्रोलिमस घेणाऱ्या माणसाला डॉक्टरांना न विचारता कुठलाच काढा, चूर्ण, पावडर देऊ नका. पपनस आणि ग्रेपफ्रूटसुद्धा नको, त्यांनी औषधाची रक्तातली पातळी वर जाते.) तिथे दोन ओळींत उत्तर देण्यासारखा विषय नव्हता, म्हणून वेगळं लिहितेय.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. इथल्या एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवते. पण माझ्या नवऱ्याच्या पोटात गेली तीन वर्षं त्याच्या आईची किडनी आहे, आणि या तीन वर्षांत त्या किडनीची इतकी चित्रं मी पाहिलीत की दोन्ही बाळंतपणांत मिळूनही तेवढी पाहिली नव्हती. ऑपरेशन पुण्यात झालं, पुढची तपासणी इथे हमद जनरलमध्ये. म्हणजे आपल्यापैकी अनेकांसारखंच, अर्धी फाइल तिकडे आणि अर्धी इकडे. खरं तर कतारमध्येही किडनी ट्रान्सप्लांट होतं, हमदमध्ये १९८६ पासून होतंय, आणि २०१०च्या दोहा डोनेशन अकॉर्डनंतर इथल्या रहिवाशांना नागरिकांच्या बरोबरीने एकाच प्रतीक्षायादीत धरलं जातं. पण आईंना इतके महिने घर सोडून इथे राहायचं नव्हतं, दीर-जाऊ तिकडे होते, म्हणून आम्ही पुणं निवडलं. तुमचा निर्णय वेगळा असू शकतो.

आता मुद्द्यावर येते. नवी किडनी नेमकी कुठे बसवतात हे मला ऑपरेशनच्या आधी माहीतच नव्हतं. जुनी काढून त्या जागी नवी ठेवतात, गाडीचा पार्ट बदलल्यासारखी, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. जुन्या दोन्ही किडन्या सहसा पाठीकडे जिथे असतात तिथेच राहू देतात. नवी ठेवतात ओटीपोटात, बहुतेक वेळा उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट जागेत. तिची धमनी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला जोडतात, शीर तिथल्या शिरेला, आणि मूत्रवाहिनी थेट लघवीच्या पिशवीला. म्हणजे तीन जोड. ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतींपैकी तपासणीच्या चित्रात पकडता येणाऱ्या बऱ्याचशा या तीन जोडांपाशी किंवा आजूबाजूच्या जागेत होतात. हे एवढं लक्षात ठेवलंत तर रिपोर्ट वाचताना अर्धी भीती कमी होईल.

ही किडनी कातडीच्या अगदी जवळ असते. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे तिला मार लागू शकतो. आमची धाकटी तेव्हा पाच वर्षांची, बाबा दारात दिसले की धावत येऊन पोटावर आदळायची. तिला "बाबांना आता फक्त डाव्या बाजूने मिठी" हे शिकवायला महिना लागला. गाडीत सीटबेल्टचा खालचा पट्टा कुठून जातो तेही बघा, आणि बेल्ट काढून टाकायचा नाही. दुसरी गोष्ट फायद्याची. इतक्या वर असल्यामुळे सोनोग्राफीत ती छान स्पष्ट दिसते. पाठीतल्या किडनीपर्यंत पोचायला यंत्राला स्नायू, चरबी, बरगड्या, आतड्यातला गॅस यांतून वाट काढावी लागते. इथे तसं काही नाही.

सोनोग्राफी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पोटावर गार जेल, अंधारी खोली, करड्या रंगाचा पडदा. महाराष्ट्रात प्रत्येक सेंटरवर गर्भलिंगनिदान होत नसल्याची पाटी असते, इथे बाळ मुलगा की मुलगी ते सहज सांगतात, एवढाच काय तो फरक. यंत्राचं तत्त्व तेच. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी कारखान्यात धातूमधल्या भेगा शोधायचं यंत्र माणसाच्या पोटावर वापरून पाहिलं आणि १९५८ मध्ये त्यावर लेख छापला. त्याच्या चार वर्षं आधी, २३ डिसेंबर १९५४ ला, बॉस्टनमध्ये जुळ्या भावांमध्ये पहिलं यशस्वी किडनी ट्रान्सप्लांट झालं होतं. म्हणजे ते करणाऱ्या डॉ. जोसेफ मरे यांच्याकडे आज आपल्या गल्लीतल्या सेंटरमध्ये असतं तेवढंही साधन नव्हतं. (हे शाळेत सांगायला मला फार आवडतं, म्हणून इथेही घुसवलं.)

आता या सोनोग्राफ्या इतक्या वेळा का करतात? मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं कारण कुणी आपणहून सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा कळलं. नवी किडनी बसवताना रक्तवाहिन्या जोडतात, नसा जोडत नाहीत. किडनी काढताना तिच्या संवेदनेच्या नसा तुटतात, त्या तशाच राहतात. त्यामुळे लघवीची वाट अडली, अगदी खडा अडकला, तरी आपल्याला मुतखड्याची कळ म्हणून जी माहीत आहे ती बहुधा येतच नाही. माणूस ऑफिसला जातो, जेवतो, मुलांचा अभ्यास घेतो आणि आत किडनी फुगत असते. "दुखत नाहीये ना, मग कशाला शुक्रवार वाया घालवायचा" हे आमच्या घरातलंही वाक्य आहे, कुणाचं ते सांगायला नको. न दुखणं हा इथे पुरावा नाही. रक्तातलं क्रिएटिनिन आणि सोनोग्राफी यांवरच भिस्त असते.

आमचंच सांगते. आम्ही पुण्याहून परत आलो तेव्हा नऊ आठवडे झाले होते. क्रिएटिनिन १.२ वर स्थिर. मूत्रवाहिनीच्या जोडात ठेवलेला डीजे स्टेंट पुण्यातच काढला होता. अकराव्या आठवड्यात एका संध्याकाळी त्याचा उजवा बूट घट्ट होतोय असं तो म्हणाला. डावा नाही, फक्त उजवा. दुखत नव्हतं, ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी ठरलेली होतीच, त्यात क्रिएटिनिन १.७. त्याच दिवशी सोनोग्राफी झाली. किडनीच्या खालच्या टोकाला एक काळा डाग, साधारण लिंबाएवढा असेल असं मला पडद्यावर वाटलं, प्रत्यक्षात तो नऊ सेंटिमीटर होता. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. म्हणजे तिथे काहीतरी द्रव साठलं होतं आणि ते एकीकडे मूत्रवाहिनीला दाबत होतं, दुसरीकडे पायाच्या शिरेला. म्हणून पाय सुजलेला आणि म्हणून क्रिएटिनिन वर. पायाच्या शिरेत गुठळी तर नाही ना, हेही त्यांनी त्याच टेबलावर तपासलं. एकाच पायाला सूज आली की ते आधी बघावंच लागतं.

पण ते द्रव कसलं? इथे सोनोग्राफी थांबते. रक्त असू शकतं, जोडातून गळलेली लघवी असू शकते, लसीका असू शकते, पू असू शकतो. किती दिवसांनी दिसलं यावरून अंदाज बांधतात. रक्त सहसा पहिल्या काही दिवसांत, लघवीची गळती पहिल्या दोन आठवड्यांच्या आसपास, लसीकेचा साठा त्यानंतरच्या आठवड्यांत आणि महिन्यांत. पण पडद्यावर सगळे काळे किंवा काळपट डागच. मग सोनोग्राफीत बघत बघत बारीक सुई घालून थोडं द्रव काढलं आणि त्यातलं क्रिएटिनिन मोजलं. युक्ती किती सोपी आहे बघा. लघवीत क्रिएटिनिन रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. द्रवातलं क्रिएटिनिन रक्ताच्या खूप वर निघालं तर ती लघवी, रक्ताइतकंच निघालं तर लसीका. आमचं रक्ताइतकंच निघालं. त्याला लिम्फोसील म्हणतात. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूच्या लसीकावाहिन्या कापल्या जातात, त्यातून पाझरून साठा होतो. नळी घालून नऊ दिवस द्रव बाहेर काढलं. क्रिएटिनिन तिसऱ्या दिवशी १.४, पंधरवड्याने परत १.२. नंतर छोटा साठा पुन्हा दिसला, पण तो कशाला दाबत नव्हता, म्हणून त्याला तसाच सोडला. मोठा झाला असता तर दुर्बिणीतून पोटाच्या पोकळीत खिडकी पाडावी लागली असती, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. लागली नाही.

त्या नऊ दिवसांत घरात काय चालू होतं ते तुम्हाला सांगायला नको. मी सकाळी शाळा, दुपारी मन्सूरावरून ग्रीन लाइनने हमद हॉस्पिटल स्टेशन, संध्याकाळी मुलांचा डबा आणि गृहपाठ. शेजारच्या केरळी काकूंनी आठवडाभर मुलांना जेवू घातलं. तिकडे आईंना फोनवर फक्त "थोडं पाणी साठलंय, काढतायत" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी एकच विचारलं, "माझी किडनी नीट काम करतेय ना?" ती कुणाची यावरून आमच्या घरात अजून वाद आहे. मुलाच्या मते आजीने दिली म्हणजे ती आता बाबांची, धाकटीच्या मते उधार.

तर आता ताई, तुमच्या "माइल्ड हायड्रोनेफ्रोसिस"कडे येते. आपल्याकडे याला "किडनीला सूज" म्हणतात आणि ऐकूनच धस्स होतं. अर्थ एवढाच की किडनीच्या आत लघवी गोळा होण्याची जागा थोडी रुंदावलेली दिसली. ट्रान्सप्लांट केलेल्या किडनीत थोडं रुंदावणं बरेचदा आढळतं आणि प्रत्येक वेळी ते अडथळ्यामुळे नसतं. नसा नसल्यामुळे त्या भागाचा ताण कमी असतो, आणि सोनोग्राफीच्या वेळी लघवीची पिशवी तुडुंब भरलेली असेल तरी असं दिसतं. म्हणून लघवी करून आल्यावर पुन्हा पाहिलं का, हे विचारा. रिपोर्टमध्ये "पोस्ट व्हॉइड" असा शब्द शोधा. लघवीनंतर रुंदी कमी झाली असेल तर तो दिलासा आहे. मग बघायचं की आधीच्या सोनोग्राफीत हीच जागा किती होती. आणि क्रिएटिनिन. चित्र थोडं बिघडलेलं पण क्रिएटिनिन जागच्या जागी, ही एक गोष्ट. चित्रही बदललं आणि क्रिएटिनिनही चढतंय, ही वेगळी. दुसरं असेल तर सहा दिवस थांबू नका, ट्रान्सप्लांट क्लिनिकला फोन करा. आणि लघवी कमी झाली, ताप आला, किडनीच्या जागी दुखायला किंवा फुगायला लागलं, बीपी अचानक चढलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सी. ट्रान्सप्लांटच्या माणसाचा ताप हा घरी पॅरासिटामॉल देऊन बघायचा ताप नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर उन्हात फिरून पाणी कमी पडलं तरी क्रिएटिनिन वर जातं, तेही डॉक्टरांना सांगा, त्यांना आपोआप कळत नाही.

सोनोग्राफीतला दुसरा भाग म्हणजे डॉपलर, पडद्यावरचं ते लाल-निळं. रुग्णवाहिका जवळ येताना सायरन चढा ऐकू येतो, लांब जाताना उतरतो, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ख्रिश्चन डॉपलर यांनी १८४२ मध्ये हे सूत्र मांडलं ते ताऱ्यांच्या रंगांबद्दल, किडनीचा संबंधच नव्हता. इथे धावतात त्या रक्तपेशी, आणि परतीच्या आवाजाच्या फरकावरून रक्ताचा वेग कळतो. लाल म्हणजे धमनी आणि निळं म्हणजे शीर, असं मात्र समजू नका. एक रंग यंत्राकडे येणाऱ्या रक्ताचा, दुसरा लांब जाणाऱ्या. पहिल्या एक-दोन दिवसांतली डॉपलर सगळ्यात घाईची असते, कारण धमनीत किंवा शिरेत गुठळी झाली तर किडनी वाचवायला हातात फार कमी वेळ असतो. हे क्वचित होतं, पण म्हणूनच ऑपरेशननंतर लगेच ते यंत्र ढकलत बेडपाशी आणतात.

रिपोर्टमध्ये "आरआय" नावाचा एक आकडा असतो, त्यावरून फार घबराट होते. गणित सोपं आहे. ठोक्याच्या वेळचा सर्वांत जास्त वेग, त्यातून ठोक्याच्या शेवटचा वेग वजा करा, आणि पहिल्या वेगाने भागा. ४० आणि १२ असेल तर २८ भागिले ४०, म्हणजे ०.७०. ढोबळमानाने ०.७ च्या आत चांगलं, ०.८ च्या वर गेला की डॉक्टर भुवई उचलतात. पण कारण काय ते हा आकडा सांगत नाही. रिजेक्शनने वाढतो, औषधाच्या विषारीपणाने वाढतो, लघवी अडल्याने वाढतो, आणि तपासणाऱ्याने यंत्र जोरात दाबलं तरी वाढतो. २००३ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या डॉक्टरांनी दाखवलं की हा आकडा ०.८० किंवा जास्त असलेल्यांची किडनी पुढे लवकर निकामी होते. २०१३ मध्ये त्याच नियतकालिकात बेल्जियममधल्या लुव्हेनच्या डॉक्टरांनी दाखवलं की हा आकडा किडनीपेक्षा तिला धारण करणाऱ्या माणसाबद्दल जास्त सांगतो, म्हणजे त्याचं वय, त्याच्या रक्तवाहिन्यांचा कडकपणा. दहा वर्षांत अर्थ इतका बदलला. तेव्हा रात्री बाराला एकटीने गूगल करून या एका आकड्यावर रडत बसू नका. साठीच्या माणसाचा ०.७८ आणि तिशीच्या माणसाचा ०.७८ एकच नाही.

डॉपलर खरी उपयोगी पडते ती धमनीचा जोड अरुंद झाला का हे बघायला. हे सहसा तिसऱ्या महिन्यापासून पुढच्या दोनेक वर्षांत होतं. बीपी औषधांना दाद देत नाही, क्रिएटिनिन सरकतं, कधी बीपीची एखादी विशिष्ट गोळी सुरू केल्यावर एकदम वाढतं. नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाण्याची धार जोरात जाते, तसं अरुंद जागी रक्ताचा वेग वाढतो. सेकंदाला २००-२५० सेंटिमीटरच्या पुढे गेला की शंका घेतात, नेमकी मर्यादा हॉस्पिटलप्रमाणे बदलते. मग सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी, आणि खरंच अरुंद असेल तर फुगा घालून स्टेंट.

इथेच आमची सीडीची गोष्ट आली. चौदाव्या महिन्यात नेहमीच्या डॉपलरमध्ये जोडापाशी वेग २३० निघाला. रिपोर्टच्या शेवटी: अरुंदपणाची शक्यता, सीटी अँजिओग्राफीचा विचार करावा. त्याचं बीपी एका गोळीवर छान होतं, क्रिएटिनिन १.३. डॉक्टरांनी विचारलं, ऑपरेशननंतरच्या पहिल्या डॉपलरमध्ये हा आकडा किती होता? फाइल उघडली. पुण्याच्या डिस्चार्ज कार्डवर एकच ओळ, "ग्राफ्ट डॉपलर नॉर्मल". संपलं. आकडे नाहीत, चित्रं नाहीत. कुठलं हॉस्पिटल ते विचारू नका, सांगणार नाही, आणि अशी एक ओळ लिहिणारं ते एकटंही नसेल. दिरांनी तीन चकरा मारल्या. पहिल्यांदा रेकॉर्ड रूमचा माणूस जेवायला गेलेला, दुसऱ्यांदा अर्जावर पेशंटची सही हवी, तिसऱ्यांदा मिळालं. दुसऱ्या दिवसाच्या डॉपलरचा पूर्ण रिपोर्ट आणि सीडी. एका मैत्रिणीच्या आई इकडे येत होत्या, त्यांच्या बॅगेत बाकरवडीच्या पाकिटाशेजारी बसून सीडी दोहाला आली. त्यात वेग होता २१०. म्हणजे धमनी जोडतानाच थोडी वळली होती आणि वेग पहिल्या दिवसापासून तसाच होता. डॉक्टरांनी अँजिओग्राफी पुढे ढकलली, तीन महिन्यांनी पुन्हा डॉपलर केली. २२०. एकाच दवाखान्यात तंत्रज्ञ बदलला तरी इतका फरक पडतो. आयोडीनचं ते कॉन्ट्रास्ट, जे किडनीला झेपेलच असं नसतं, अजूनपर्यंत त्याला द्यावं लागलेलं नाही.

म्हणून जे आता भारतात ऑपरेशनसाठी जाणार आहात त्यांना कळकळीने सांगते. निघण्यापूर्वी पहिल्या डॉपलरचा आकड्यांसकटचा रिपोर्ट आणि मूळ चित्रं मागून घ्या. मूळ म्हणजे डायकॉम स्वरूपातली, पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो नाही. सोबत सर्जननी नेमकं काय जोडलं त्याची टिपण, म्हणजे धमन्या किती होत्या, कुठे जोडल्या, स्टेंट ठेवला का आणि काढला कधी. स्टेंटची तारीख विशेष, कारण देश बदलताना आत राहून गेलेला स्टेंट ही काल्पनिक गोष्ट नाही. भारतात मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असतं, आणि अ‍ॅडमिट झालेल्यांचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं असतं. म्हणजे तीन वर्षांनी मागायला गेलात तर "नाही" हे उत्तर मिळू शकतं. आणि हो, आजकाल लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नसते, तिथेच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. आम्ही शेवटी नजमातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो.

आता सोनोग्राफीला काय दिसत नाही. रिजेक्शन दिसत नाही. किडनी सुजलेली वाटेल, आरआय वाढलेला असेल, पण शरीर किडनीवर हल्ला करतंय की टॅक्रोलिमस जास्त झालंय की विषाणू आहे, हे चित्रावरून ठरत नाही. त्याला बायोप्सी. सोनोग्राफीत बघत सुईने दोन बारीक तुकडे घेतात आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. जगभर ज्या पद्धतीने ते वाचतात तिला बॅन्फ वर्गीकरण म्हणतात, कॅनडातल्या बॅन्फ गावात १९९१ मध्ये झालेल्या बैठकीवरून. "सोनोग्राफी नॉर्मल आली, मग बायोप्सी कशाला करतायत, पैसे काढायला?" असं एका ओळखीच्या गृहस्थांनी मला विचारलं होतं. उलट आहे. सोनोग्राफी नॉर्मल म्हणजे जोड ठीक, वाट मोकळी, मग क्रिएटिनिन वाढण्याचं कारण किडनीच्या मांसातच शोधायला हवं. बायोप्सीनंतर कधी कधी आतल्या छोट्या धमनी-शिरेत भलतीच वाट तयार होते, तीही डॉपलरमध्ये दिसते आणि बहुतेक वेळा आपोआप बुजते.

मृत दात्याची किडनी मिळालेल्यांना आणखी एक तपासणी सांगतात, किरणोत्सारी औषधाची, डीटीपीए किंवा मॅग थ्री. मृत दात्याची किडनी कधी कधी काही दिवस सुस्त असते, लघवी होत नाही, डायलिसिस चालूच ठेवावं लागतं. तेव्हा किडनीपर्यंत रक्त पोचतंय पण ती अजून गाळत नाहीये, हे या तपासणीत वेगळं करून दिसतं. घरात तान्हं बाळ असेल किंवा तुम्ही गरोदर असाल तर त्या दिवशी किती जवळ बसायचं ते तिथेच विचारून घ्या. त्या औषधातल्या टेक्नेशियमची तीव्रता दर सहा तासांनी निम्मी होते, म्हणून काळजी तासांचीच असते. एमआरआयच्या गॅडोलिनियमबद्दलही नातेवाइकांचे फॉरवर्ड येतात. किडनी फार कमी चालत असताना जुन्या प्रकारच्या गॅडोलिनियममुळे कातडी कडक होण्याचा आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आलं. आता वापरतात ती औषधं बरीच सुरक्षित आहेत, तरी "माझी ट्रान्सप्लांट किडनी आहे" हे खोलीत शिरण्याआधी म्हणायचंच. इंग्रजीत, आणि नर्सला अरबी सोपी वाटत असेल तर "कुल्या मझरूआ".

एक विसरत होते. जुन्या दोन किडन्या. त्या निकामी असल्या तरी आत आहेत, त्यांत गाठी होऊ शकतात आणि ट्रान्सप्लांट झालेल्यांत त्यांतल्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. आमच्याकडे अधूनमधून तंत्रज्ञाला "पाठीकडचंही बघता का" असं नवरा स्वतः विचारतो. मागणीच्या कागदावर ते लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आणि देणाऱ्या माणसाची फाइल कुणी बनवत नाही. आईंच्या किडनीची सीटी ऑपरेशनच्या आधी झाली होती, कुठली घ्यायची, धमन्या किती, हे बघायला. डावी घेतली, डाव्या किडनीची शीर लांब असते म्हणून ती जोडायला सोयीची. त्यानंतर दोन वर्षं त्यांना कुणी तपासायला बोलावलं नाही आणि त्या स्वतःहून जाणाऱ्यांतल्या नाहीत. "मला काय धाड भरलीय?" आता दर ऑगस्टमध्ये दीर त्यांना घेऊन जातात. बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि उरलेल्या किडनीची सोनोग्राफी. मागच्या ऑगस्टमध्ये ती उरलेली किडनी साडेअकरा सेंटिमीटर निघाली, ऑपरेशनच्या आधी साडेदहा होती. एकटीवर काम पडलं की ती थोडी मोठी होते, तसं होणं अपेक्षितच असतं. आईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, रिपोर्ट पाठव, शेजारच्या वहिनींना दाखवते. त्यांची फाइल आता आमच्याच ड्राइव्हवर आहे, नवऱ्याच्या फोल्डरच्या खालोखाल.

कुणाला सीडीतली चित्रं उघडायला अडचण येत असेल तर कमेंटमध्ये लिहा, शुक्रवारी दुपारी मी मोकळी असते.